पत्र्यावरची पांढरी माती

ज्या गावात माणसं बापजाद्यांपासून डोक्यावर मातीचा ढीग घेऊन झोपली, त्या गावात लोखंडाची अक्कल कुणाला असणार? मला होती. मला होती म्हणून तर मी जळते. नसती, तर आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखी मान खाली घालून भाकरी थापत राहिले असते, आणि आज तोंडात एकही दात शिल्लक नसताना दातओठ खात बसले नसते.

आमचं गाव केज आणि सिरसाळा यांच्या मधलं. शिवार काळं कुळकुळीत, गाव तेवढं पांढरीच्या टेकाडावर. मुलूख निजामाचा खरा, पण घरांवर राज्य मातीचं. घर म्हणजे माळवद. जाड लाकडी सरे, सऱ्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला, पाल्यावर हातभर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती खारी असते, जिभेला लावली तर मिठाची आठवण होते. गावाबाहेरच्या पडक्या टेकाडातून ती गाढवांवर आणायची, भुसा आणि शेण घालून तुडवायची आणि आकितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला माळवदावर चढवायची. ती म्हणे पावसात घट्ट बसते आणि पाणी आत सोडत नाही. आकितीला ज्या घरावर नवी पांढरी चढली नाही, त्या घरात कर्ता पुरुष उरला नाही असं गाव धरून चालायचं. त्यामुळं आमच्याकडं प्रत्येक पुरुष छपरातला पंडित. नांगर वाकडा चालवील, बैल उलटा जुंपील, पण पांढरी किती बोटं जाड पाहिजे यावर कुऱ्हाड काढील.

आणि एवढी पंडिताई असून आमचं माळवद गळायचं. थेंब थेंब नव्हे. आषाढात आमच्या घरात बाहेरच्यापेक्षा जास्त पाऊस पडे, भिजायला नको म्हणून मी अंगणात जाऊन उभी राहायची. मातीतून विंचू पडत, गोमा पडत. एकदा काठवटीत, मळलेल्या पिठावर, चांगली वावभर धामण पडली. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि भाकरी थापली. धामण बिचारी आमच्या माळवदाला कंटाळून उतरलेली, तिच्यावर कशाला राग काढायचा. राग काढायला माझ्याकडं दुसरं माणूस होतं.

ते माणूस म्हणजे माझे थोरले दीर. देव त्यांना स्वर्गात चांगली जागा देवो, आणि मला देताना जरा लांबची देवो. घरात सासरे नव्हते, त्यामुळं कर्ते तेच. दारातून आधी त्यांच्या मिशा आत येत, मग खाकरणं येई, आणि त्यानंतर ते स्वतः. आमच्या रीतीनं धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, आणि त्यांनीही तिच्याशी नाही. ते समोर आले की पदर ओढून भिंतीला चिकटायचं. एका चुलीवरचं खायचं, एका दारानं ये-जा करायची, आणि जन्मभर एक शब्द नाही. मी झोपेतसुद्धा बोलणारी बाई. गप्प राहिले असते तर पोट फुटून मेले असते. म्हणून मी वाट काढली होती. दीर ओट्यावर बसले की मी गोठ्यात जायची आणि त्यांना सांगायचं ते म्हशीला मोठ्यानं सांगायची. त्यांना मला सांगायचं असलं की ते जाऊबाईंना सांगत. म्हैस आणि जाऊबाई, दोघींचं आयुष्य ह्या कामी गेलं. म्हैस तर अशी तयार झाली होती की दीर खाकरले की दूध चोरायची.

घराच्या पुढच्या अंगाचे दोन खण आमचे. त्यातला एक थेट मोठ्या दारावरचा, म्हणजे घरात यायचं तर आमच्या छपराखालूनच यायचं. एका पावसाळ्यात ह्या खणांचा सरा मोडला आणि अर्धं माळवद खाली आलं. ज्वारीची कणगी गेली, अंथरुणं गेली, आणि मी वाचले ती निव्वळ दिरांना डोकेदुखी राहावी म्हणून.

ओट्यावरून आवाज आला, "सांग तिला, फुडच्या आकितीला बघू. तवर पाल ठोका म्हणावं."

मी म्हशीला म्हटलं, "ऐकलंस का गं बये? ह्या घरात तुझ्या शेणालाबी छप्पर हाय. आपल्याला न्हाई."

माझा नवरा हे सगळं ऐकत खाली बघत होता. लई चांगला माणूस. जमिनीवर पाय ठेवायच्या आधी जमिनीला विचारणारा. त्याच्या मांडीवर मी माझी चांदी ठेवली. गोठ, वाळे, कमरेचा पट्टा. माझ्या आईनं तिच्या अंगावरचं उतरवून माझ्या अंगावर घातलेलं. म्हटलं, "ह्याचे पत्रे आना. बार्शीला माझा भाऊ हाय."

भाऊ बार्शीला रेल्वेच्या मालधक्क्यावर होता, इंग्रजी मुलखात. तिथं गोदामं पत्र्याची, ठेसन पत्र्याचं. नवरा गाडी जुंपून गेला. येताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर त्याला उभं केलं, कारण नाक्यावरच्या शिपायानं घरावर घालायचा पत्रा कधी बघितला नव्हता. त्यानं बोटानं वाजवून बघितला, कान लावून बघितला आणि विचारलं, "यह क्या बला है?" नवऱ्यानं अदबीनं सांगितलं, "जी, बायकोची चांदी हाय." माझ्या नवऱ्यानं जन्मात केलेला तो एकच विनोद, आणि तोही त्याला खरं बोलायची सवय होती म्हणून झाला.

पत्र्यांबरोबर भावानं शिकवणही पाठवली होती. नवऱ्यानं ती वाटेत घोकून पाठ केली होती आणि दारात उभ्या उभ्या धडा म्हणतात तशी म्हणून दाखवली. पत्र्यावर जस्ताचं पाणी चढवलेलं हाय, ते हाय तोवर पत्रा हाय. खिळा उंचवट्यावर मारायचा, पन्हळीत न्हाई. खिळ्याच्या टोपीखाली चामड्याची चकती आन् वरून डांबर. दिवाळी झाली की खिळे तपासायचे. पाला, शेण, माती, काय बी वर बसू द्यायचं न्हाई. पत्रा भिजला तर भिजू दे, पण वाळला पायजे.

माती बसू द्यायची नाही, हे त्यानं सांगितलं. मी ऐकलं, जाऊबाईंनी ऐकलं, म्हशीनं ऐकलं, आणि ओट्यावर बसलेल्या दिरांनीही ऐकलं. ऐकलं नव्हतं असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून सांगून ठेवते.

पत्रे चढले. सुताराला सपाट माळवदाचीच सवय, त्यानं उतार नावापुरताच दिला. पण चमक अशी की काय सांगू. आमच्या गावावरून जाणारे कावळे डोळे दिपून एकमेकांवर आदळत. लिंबागणेशला दर्शनाला निघालेली माणसं म्हणे लांबून लकाकी बघून तळं समजली आणि आंघोळीची धोतरं घेऊन आमच्या दारात आली. हे मी बघितलं नाही, पण मीच सांगितलं, आणि गावानं पुढं नेलं. बायका पत्र्याखाली बसायला येत. कपाळाला हात लावून वर बघत. खाली माती पडत नाही, हे बघायला माणसं येतात, यावरून त्या गावाची दशा समजून घ्या.

दिरांना हे सगळं टोचत होतं. घरात नवी गोष्ट आली आणि ती त्यांनी आणली नव्हती. त्यांचं एकच पालुपद, "गार पडू दे, मग बघा." पुढच्या शिमग्यानंतर चार गारा पडल्याही, हरभऱ्याएवढ्या. पत्रा ताशासारखा वाजला. दीर दारातून येत होते, ते दचकले आणि त्यांचं पान खाली पडलं. पडलेलं पान मी बघितलं, हे त्यांनी बघितलं. झालं. तिथून ते त्या पत्र्याचे कर्दनकाळ झाले.

आकितीच्या तोंडावर आम्ही दोघं माझ्या भाचीच्या लग्नाला गेलो. परत आलो तर वेशीतून पत्रा दिसेना. मला वाटलं चोरीला गेला. चोरीला गेला असता तर परवडलं असतं. जवळ आलो तर पत्र्यावर बोटभर जाड पांढरी माती, भुसा घालून तुडवलेली, हातानं थापून गुळगुळीत केलेली, आणि भिंतीच्या रेघेवर सगळीकडून छान वरंबा. भिंतीच्या बाहेर हातभर पत्रा पावसाळ्यासाठी पुढं काढला होता, तेवढा उघडा. गावातले छपरातले सगळे पंडित खाली उभे राहून वाखाणत होते.

मला असं वाटलं की कुणीतरी माझ्या आईच्या तोंडाला चिखल फासलाय.

मी पदरही नीट न ओढता गोठ्यात गेले. "म्हशी," म्हटलं, "लोखंडाला खारी माती कावून घातली गं? कुणाच्या डोक्यातनं आलं हे?"

दीर ओट्यावरून जाऊबाईंना म्हणाले, "सांग तिला, गारंसाठी घातली. उघड्या पत्र्यावर गार पडली तर फाटतोय. वर मातीची गादी पायजे. गार गादीवर पडली तर काय व्हतंय? काय न्हाई व्हत."

"म्हशी, आन् पाऊस पडल्यावर गादी वली व्हती का न्हाई? वली गादी सहा महिने अंगावर घेऊन झोप बरं तू. तुझ्या अंगाला काय व्हतंय बघू."

"सांग तिला, माळवदाला काय झालं न्हाई आजवर."

"म्हशी, माळवद लाकडाचं हाय. अक्कलबी त्याच लाकडाची हाय."

जाऊबाई दाराशी उभ्या. त्यांनी हे पोचवलं नाही. म्हणाल्या, "ती म्हणती बरं झालं." त्या बाईनं अशा किती लढाया मधल्या मधे गिळल्या असतील.

मी नवऱ्याला म्हटलं, उद्या खरवडून काढा. तो म्हणाला, "दादांनी केलंय. दादांनी केलेलं मी कसं उकरू?" मी म्हटलं, "मग मी उकरते." तर तो म्हणाला, "तू वर कशी चढशील? खालून दादा ये-जा करत्यात." आणि ते खरं होतं. घरातल्या सुनेनं वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर चढायचं नाही. माळवदावर वाळवण टाकायचं तरी पुरुष बाहेर गेल्यावर, तेही मागच्या अंगाला. आणि आमचा पत्रा तर नेमका मोठ्या दारावर. माझं छप्पर, माझी चांदी, आणि मला सोडून कुणीही वर जाऊ शकत होतं. कावळासुद्धा.

पावसाळा आला आणि त्या मातीवर गवत उगवलं. एवढं उंच की गावातली शेरडं माडीवर चढावी तशी चढून चरत. खाली मी छताकडं बघत बसायची. खिळ्यांच्या कडेनं तांबडं पाणी झिरपू लागलं. काव कालवल्यासारखं. पिठात पडलं, पीठ तांबडं. नवऱ्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर पडलं, तो बाजारात गेला तर माणसं विचारू लागली, कुणाशी मारामारी झाली? मी तो अंगरखा न धुता दोरीवर टाकला, बरोबर ओट्यासमोर. दिरांनी बघितला आणि जाऊबाईंना म्हणाले, "सांग तिला, साबण लाव म्हणावं."

पुढच्या आकितीला त्यांनी त्याच मातीवर आणखी एक थर चढवला. आधीचा पातळ झाला होता म्हणे. मी शिडीच्या पायरीला मिठी मारून बसले होते. नवऱ्यानं मला उठवलं. त्या दिवशी मी म्हशीशीही बोलले नाही. बिचारी दिवसभर माझ्याकडं वळून वळून बघत होती.

मग तो फाल्गुन आला. ज्वारी काढून पडली होती, कडबा उभा होता, दुपारची वेळ. खाली पश्चिमेला आभाळ असं झालं जसं कुणी निळीत शाई ओतली. वारा थांबला. आणि मग गार आली.

गार म्हणजे आधी लिंबाएवढी. मग पेरूएवढी. मग मी मोजमाप सोडून दिलं. आमच्या म्हशीच्या दोन शिंगांमध्ये एक अडकली ती पाडव्याला गुढी उभारेपर्यंत विरघळली नव्हती, आणि उन्हाळ्यात गारवा म्हणून म्हैस ती काढू देत नव्हती. गावात ज्यांनी ही गोष्ट खोटी म्हटली, त्यांची मी म्हशीशी गाठ घालून द्यायला तयार होते. पण पुढचं सांगते त्यात एक कणही वाढवलेला नाही. वाढवायची गरजच पडली नाही.

दिरांची मातीची गादी पहिल्याच माऱ्यात उडाली. कोरडी पडून भेगाळलेली ती, ढेकळं होऊन वरंब्याशी जाऊन पडली. आणि खाली पत्रा नव्हताच. खाली होती गंजाची तांबडी जाळी. गार आली ती सरळ आत आली. एकीनं चूल फोडली. एकीनं पाण्याचा रांजण. नवऱ्यानं मला जात्याच्या कोपऱ्यात ढकललं आणि माझ्या डोक्यावर काठवट धरली, आणि गारा त्याच्या हातांवर घेतल्या. हात सुजून वांग्यासारखे झाले. मग पाऊस, आणि त्या भोकांतून दोन वर्षांची पांढरी माती चिखल होऊन आमच्या घरात उतरली. पत्रा आणला होता तो माती घरात पडू नये म्हणून.

गार थांबली तशी मी बाहेर आले. गाव सगळं पांढरं. माणसं टोपल्या डोक्यावर धरून बाहेर येत होती. मी वर बघितलं. आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. भिंतीच्या बाहेर आलेला हातभर पत्रा, ज्याच्यावर माती नव्हती, तो जशास तसा होता. पोचे पडले होते, देवीच्या वणांसारखे. भोक एकही नव्हतं. त्याच गारा, तोच पत्रा, हाताच्या अंतरावर.

दीर बाहेर आले. चार पुरुष भोवती जमले. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं जाऊबाईंना म्हणाले, "सांग तिला, बघितलं का लोखंड? माझ्या माळवदाचा टवका उडला न्हाई. सकाळी सगळा पत्रा उतरवायचा. धड राहिलेला कडब्यावर टाकू, आन् खणांवर सरा घालून माती चढवू. नवी थेरं बास झाली."

कडब्यावर. माझ्या आईचे गोठ, वाळे आणि पट्टा कडब्यावर.

सकाळी सालगड्यानं शिडी आणून लावली आणि तो पहार आणायला गेला. दीर तांब्या घेऊन ओढ्याकडं गेलेले. नवरा सुजलेल्या हातांनी शिडी धरून उभा. मी कासोटा घट्ट केला, फावडं घेतलं आणि त्याला म्हटलं, "तुमी फकस्त शिडी धरा. बाकी तुमाला काय कळलं न्हाई असं सांगा." तो म्हणाला, "अगं पर दादा..." तोवर मी त्याच्या डोक्यावरून वर पोचले होते.

वर उभं राहिल्यावर पहिल्यांदा बघितलं, माझं छप्पर केवढं आहे ते. भिंतीवर पाय देत देत मी राहिलेली माती खाली लोटू लागले. धपाधप मोठ्या दारातच पडत होती.

दीर आले. हातात तांब्या, कानावर जानव्याऐवजी उपरण्याचं टोक. दारापाशी थांबले. वर बघितलं. आत जायचं तर भावजयीच्या पायांखालून जायला पाहिजे. ते गेले नाहीत. त्यांच्या मागून आलेले दोन म्हातारे, तेही थांबले. गाव गोळा झालं.

"तिला म्हणावं, खाली उतर," ते म्हणाले. "मला आत जायाचंय."

जाऊबाई आतून दारापर्यंत आल्या, वर बघून म्हणाल्या, "अगं, खाली उतर म्हणत्यात."

मी उत्तर द्यायला म्हैस शोधली. म्हैस चरायला गेलेली. भोवताली एकही जनावर नाही ज्याला सांगावं. मग मी पदर ओढला, पण तोंड मात्र त्यांच्याकडंच केलं.

"दादा," मी म्हटलं, कारण घरात सगळे तेच म्हणत, आणि त्यांना काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. "दादा, वर बघा. ह्यो भिंतीच्या भायेरचा पत्रा. ह्याच्यावर तुमची माती न्हवती. कालच्याच गारा ह्यानंबी खाल्ल्या. एक भोक दाखवा."

मी आतल्या अंगाचा पत्र्याचा तुकडा उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि दोन बोटांनी मोडला. पापडासारखा मोडला. तांबडी पूड वाऱ्यानं त्यांच्या अंगावर गेली.

"ह्यो गारंनं न्हाई मोडला. ह्यो तुमच्या गादीनं खाल्ला. गार नुसती बघाया आली."

म्हाताऱ्यांपैकी एकजण हसला. "खरं बोलती की बे ती," तो दिरांना म्हणाला. "आन् तू त्यो तांब्या तरी खाली ठिव."

दिरांनी तांब्या ठेवला नाही. मान वळवून जाऊबाईंना म्हणाले, "तिला सांग, ह्या घरातल्या बाया पुरुषांशी अशा बोलत न्हाईत. आन् सांग, पत्रा उतरणार म्हंजी उतरणार."

आणि मग जाऊबाई, ज्यांनी जन्मभर इकडचं तिकडं केलं आणि वाटेत त्यातलं विष स्वतः पिऊन टाकलं, त्या दारातल्या मातीच्या ढिगापलीकडून म्हणाल्या, "मी न्हाई सांगत. माझे पाय दुखाया लागले. तुमच्या तोंडानं सांगा." आणि आत जाऊन बसल्या. चूल पेटवली नाही.

ऊन चढलं. मी फावडं चालवत राहिले. खाली दारात माती कमरेपर्यंत आली. दीर समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले, तांब्या मांडीवर. मागच्या अंगाला गोठ्याची भिंत होती, ती चढून आत जाता आलं असतं. ते एकदा उठले, भिंतीकडं गेले, इकडं तिकडं बघितलं, आणि पोरंसोरं मागं आलेली बघून परत येऊन बसले. आत भाकरीचा वास नाही, बाहेर गाव हलायला तयार नाही. एवढी बघणारी माणसं आमच्या गावात तमाशालाही जमत नसत.

दुपार कलताना ते लिंबाखालून उठले, दारासमोर आले, आणि वर न बघता, मातीच्या ढिगाला सांगावं तसं म्हणाले, "बाई, उतरा."

माझ्या सगळ्या संसारात त्यांनी मला मारलेली ती पहिली हाक. मला चढलेला राग तसूभर उतरला नाही. उलट वाढला. एवढं सोपं होतं तर दोन पावसाळे का घालवले?

"पत्र्याचं काय?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या."

"कडब्यावर?"

"न्हाई. हितंच."

"आन् माती?"

त्यांच्या मिशा हलत होत्या. "न्हाई टाकत," ते म्हणाले.

मी उतरले नाही. त्यांना म्हटलं, "तुमी जेवून घ्या, मी खिळे काढते." आणि भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून बसले, म्हणजे त्यांना दारातून जाता यावं. माती तुडवत ते आत गेले. एवढी रीत मी पाळली. त्याहून जास्त त्या दिवशी माझ्यात नव्हती.

राहिलेल्या पत्र्याचं काय झालं ते सांगते. भिंतीबाहेरच्या धड पट्ट्या, आणि मधूनमधून जिथं माती पातळ होती तिथले तुकडे, असं सगळं कापून काढलं. नवऱ्यानं कापलं, मी एकावर एक चढवून बसवलं, चामड्याच्या चकत्या घातल्या, खिळ्यांच्या टोप्यांना आणि पोच्यांना डांबर फासलं. सगळं जोडून एकच खण झाकला गेला, मोठ्या दारावरचा. ठिगळांची गोधडी दिसायची ती, पण गळली नाही. पुढच्या गारपिटींत वाजली मात्र, आणि वाजली की मला बरं वाटायचं. दरसाल दिवाळीनंतर मी स्वतः वर चढून खिळे ठोकायची, आणि चढायच्या आधी खाली ओरडून सांगायची की मी चढते, ज्याला आत-बाहेर करायचं त्यानं करून घ्या. करून घेत.

दीर पुढं माझ्याशी थेट बोलू लागले, आणि हे एक नवंच संकट झालं, कारण तो माणूस बोलायला लागला की थांबत नसे. गारांवर, छपरांवर, पिकांवर. गावात सांगत, पत्रा चांगला, फक्त पोचे पडतात. आपण त्यावर माती घातली होती, हे त्यांनी मरेपर्यंत एकदाही सांगितलं नाही.

दुसऱ्या खणाला पत्रा पुरला नाही. माझ्याकडं घालायला चांदीही उरली नव्हती. त्या खणावर सरा घालून माळवदच केलं, वर पांढरी माती. माझी अर्धी चांदी तांबडी पूड होऊन उकिरड्यावर गेली. तो खण अजून गळतो.